प्रूफ मुळाशी ताडावं

ज्ञानकोशात चरित्र कुणाचं असावं आणि कुणाचं नसावं, हे ठरवणाऱ्यांना पगार नसतो, ऑफिस नसतं, आणि आभार तर मुळीच नसतात. आपापल्या घरी बसून, चहा कीबोर्डवर सांडणार नाही एवढी काळजी घेत, आठ-दहा माणसं हे काम करतात. आपल्या भाषेतल्या ऑनलाइन ज्ञानकोशात या आठ-दहांमध्ये सगळ्यात कडक कोण, असं विचारलं तर एकच नाव पुढे यायचं. लालशाई.

हे त्यांचं तिथलं टोपणनाव. एरवी ते बहात्तर वर्षांचे निवृत्त मुद्रितशोधक होते. छापखान्यात लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर मुलीनं लॅपटॉप दिला तर त्यावरही पहिल्याच दिवशी त्यांना चुकाच सापडल्या. जगातल्या चुका संपल्या तर ह्यांना जेवण जायचं नाही, असं त्यांची बायको म्हणायची. ते ऐकून लालशाईंना बरं वाटायचं. स्तुती कशाला म्हणायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

गेल्या नऊ वर्षांत त्यांनी सहाशेच्या वर चरित्रांना घरचा रस्ता दाखवला होता. स्वतःचं पान पाच वेळा स्वतःच लिहिणारा एक कंत्राटदार होता. एक गायक होता, त्याची सगळी तारीफ सख्ख्या मेव्हण्यानं लिहिली होती. एका दंतवैद्याच्या चरित्रात तर दवाखान्याची वेळसुद्धा दिली होती, रविवार बंद. लालशाई प्रत्येकाला न चिडता तेच सांगायचे. तुम्ही चांगले आहात की नाही हा प्रश्नच नाही. तुमच्याबद्दल तुमच्या गोतावळ्याबाहेरच्या कुणी तरी, नीट, छापून, काही लिहिलं असेल तर दाखवा. नुसता उल्लेख चालणार नाही, शंभर शिंतोड्यांनी आंघोळ होत नाही. या कसोटीला तिथे उल्लेखनीयता म्हणतात, आणि त्या शब्दानं आजवर जेवढी माणसं दुखावली तेवढी शिव्यांनीही दुखावली नसतील.

त्यांची एक चेलीही होती. दुसऱ्या शहरात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी, तिशीतली मुलगी. दोघांची कधी भेट नव्हती. फोनवर आणि निरोपांतून लालशाईंनी तिला दोन वर्षं तयार केलं होतं. तिनं तिथे ‘चाळणी’ हे नाव घेतलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. कुणी काही दावा केला की ती दोनच शब्द लिहायची, ‘मूळ कुठाय?’ ते वाचून लालशाईंना कृतार्थ वाटायचं.

अशा माणसानं एके सकाळी स्वतः एक चरित्र लिहायला घेतलं. नऊ वर्षांतलं पहिलं. ते बाईंचं होतं.

बाई म्हणजे छापखान्यातल्या बाई. जुन्या छापखान्यात प्रूफ तपासायला दोघं लागत. एकानं लेखकाचा मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्यानं समोरच्या प्रुफावर नजर ठेवून चूक दिसेल तिथे लाल खूण करायची. शेवटी प्रुफाच्या तळाशी ‘तपासले’ असं लिहून सही व्हायची, ती एकाचीच, खूण करणाऱ्याची. वाचणाऱ्याच्या सहीला कागदावर जागाच ठेवलेली नव्हती.

लालशाई तेवीस वर्षं बाईंसमोर बसले. मध्ये टेबल, टेबलावर दिवा, भिंतीपलीकडे यंत्राची धडधड. बाईंनी शब्दकोश वाचले, गणितं वाचली, रेल्वेचं वेळापत्रक वाचलं. त्यांच्या तोंडून गाड्यासुद्धा वेळेवर सुटायच्या. लालशाई चोवीस वर्षांचे असताना तिथे लागले, तेव्हा बाई अडतीसच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात लालशाईंनी शहाणपणा केला. मूळ हस्तलिखित वाचायला कटकटीचं, म्हणून दुसरं प्रूफ त्यांनी पहिल्या प्रुफाशी ताडून पाहिलं आणि सगळं जुळतंय म्हणून सही ठोकली. बाईंनी तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

‘‘प्रूफ प्रुफाशी ताडत नाहीत, मुळाशी ताडतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाही तर पहिल्यातलीच चूक दुसऱ्यात दिसेल, आणि तू म्हणशील, दोघं सारखंच सांगतायत म्हणजे खरं असणार.’’

लालशाईंना जे काही येत होतं ते या एका वाक्यातून फुटलेलं होतं. पुढे ज्ञानकोशात ज्या नियमांवर त्यांची ख्याती झाली तेही.

पण पान लिहायला घेतलं ते या वाक्यासाठी नाही.

तेहेतिसाव्या वर्षी लालशाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा लहानपणापासूनच नावाला होता. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठ महिने वाचायचं नाही. आता मुद्रितशोधकानं वाचायचं नाही म्हणजे माशानं पोहायचं नाही. रजा मिळायची महिन्याभराची. महिन्यानं जो परत येणार नाही त्याच्या खुर्चीवर दुसरा बसणार, हे ठरलेलं. घरी बायकोला पाचवा महिना चालू होता. महिना संपला तसे ते चष्मा लावून कामावर गेले. समोरचा कागद त्यांना पाण्यात बुडवल्यासारखा दिसत होता.

बाईंनी काही विचारलं नाही. स्वतःची खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, त्यांच्या शेजारी आणली. एका हाताखाली मूळ, दुसऱ्या हाताखाली प्रूफ. मजकूर वाचायच्या त्याच, चूक शोधायच्या त्याच, आणि चूक सापडली की लालशाईंच्या पेनाचं टोक बोटानं तिथे नेऊन हळूच म्हणायच्या, ‘‘इथे.’’ ते खूण करायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, दोघं केवढं मन लावून काम करतायत. असे आठ महिने गेले. त्या वर्षी छापखान्याच्या पुस्तकांत सगळ्यात कमी चुका निघाल्या. मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की नजर असावी तर अशी, घारीची, आणि लालशाईंच्या पाठीवर थाप मारली. बाई खाली मान घालून हसू दाबत होत्या. लालशाईंना मात्र त्या वेळी रडू आवरेना. मालकांना वाटलं, पोरगा भलताच हळवा आहे.

कुणाला सांगायचं नाही, एवढंच बाईंनी बजावलं होतं. तुझी नोकरी जाईल आणि माझीही जाईल. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं ही गोष्ट लालशाई आणि त्यांची बायको यांच्यापलीकडे गेली नव्हती. डोळा पुढे सुधारला, मुलगी झाली, शिकली, तिनंच तो लॅपटॉप आणून दिला. त्या घरातल्या प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून ‘ही बाईंमुळे’ म्हणता आलं असतं, आणि लालशाईंची बायको तसं म्हणायचीही.

आता बाई शहाऐंशीच्या होत्या. भाचीच्या घरी एका खोलीत राहायच्या, आणि दिसणं जवळजवळ गेलं होतं. दर गुरुवारी सकाळी लालशाई जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. विरामचिन्हांसकट, बाईंना तसंच लागायचं. बायको डब्यात फळं कापून द्यायची आणि पोचल्यावर आधी त्यांना खायला द्या, मग वाचा, असं दर गुरुवारी नव्यानं सांगायची.

म्हणून ते पान. चौदा ओळींचं. त्या आठ महिन्यांचा त्यात अर्थातच एक शब्दही नव्हता. वचन होतं, आणि वचन नसतं तरी छापील पुरावा कुठे होता? बाई सतराव्या वर्षी छापखान्यात लागल्या, बेचाळीस वर्षं वाचत राहिल्या, साधारण बाराशे पुस्तकं त्यांच्या आवाजातून गेली, एवढंच. वरती त्यांनी प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं की या बाईंसोबत मी काम केलेलं आहे. संदर्भ म्हणून दोन प्रस्तावना दिल्या. त्यांत लेखकांनी ‘छापखान्यातील वाचणाऱ्या बाई’ यांचे आभार मानले होते. नाव दोन्हीकडे नव्हतं. शिंतोडेच ते, आणि हे लालशाईंहून चांगलं कुणाला कळणार? चोराच्या मनात चांदणं, तसे ते दिवसातून दहा वेळा पान उघडून बघायचे. महिनाभर टिकलं की बाईंना वाचून दाखवायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्याआधी सांगायचं नाही. आशा लावायची आणि मग पान उडायचं, हे त्या वयात नको.

तिसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, पानावर हरकतीची पट्टी लागली. ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. दोन्ही संदर्भांत नुसता उल्लेख, तोही नावाशिवाय. शंभर शिंतोड्यांनी आंघोळ होत नाही. मूळ कुठाय?’ खाली सही चाळणीची. लेखकाचं नाव तिनं पाहिलेलं होतं. म्हणूनच की काय, शेवटी ‘काका, माफ करा’ असंही होतं.

गुरूची विद्या गुरूला फळली. लालशाई खुर्चीत मागे टेकले. राग आला, आणि रागाच्या मागोमाग असा अभिमान आला की दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळेना. पोरीनं एक अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं. नियमाप्रमाणे आता सात दिवस चर्चा चालणार होती. कुणी ‘ठेवावे’ म्हणेल, कुणी ‘वगळावे’, आणि पुढच्या शुक्रवारी प्रचालक, म्हणजे पानं काढण्याचा अधिकार असलेला सदस्य, निकाल देणार होता.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, चाळणीचाच फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत बाईंवर लेख आला होता. अर्धं पान, नावानिशी, वर जुन्या छपाईयंत्राचा फोटो. छापील आहे, गोतावळ्याबाहेरचं आहे, सविस्तर आहे. ‘‘काका, मी हरकत मागे घेतली,’’ ती म्हणाली. ‘‘आणि एवढा आनंद मला कुठलीच हरकत मागे घेताना झाला नव्हता.’’

लालशाईंनी तिचे आभार मानले, धावत जाऊन कोपऱ्यावरून पेपर आणला आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर त्यांनी पहिला पुन्हा वाचला. वाक्यं ओळखीची होती. ओळखीची कसली, त्यांचीच होती. बेचाळीस वर्षं, बाराशे पुस्तकं, तोच क्रम. लिहिणाऱ्यानं ज्ञानकोशातलं पान समोर ठेवून, वर थोडा गहिवर शिंपडून, लेख तयार केला होता. बाईंना तो भेटलाही नव्हता.

म्हणजे पान खरं कशावरून, तर पेपरात आलंय. आणि पेपरात आलं कशावरून, तर पानावर होतं.

हे फक्त लालशाईंना कळलं होतं. बाकीचे खूष होते. ‘ठेवावे’ची मतं सोमवारपर्यंत पाच झाली. त्यांनी काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. ते गप्प बसले. लेखात खोटं काय आहे, असं ते स्वतःला विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत उठून गच्चीत जायचे. सहाशे जणांना शिकवलेला धडा गच्चीतही पाठ सोडत नव्हता. बायकोनं लेख वाचला, दोनदा वाचला, आणि सहज म्हणाली की फारच छान लिहिलाय, अगदी तुम्ही लिहिल्यासारखा. त्या दिवशी लालशाईंनी भात अर्धा टाकला.

गुरुवारी ते पेपर घेऊन बाईंकडे गेले. भाची दार उघडून कामाला निघून गेली. बाई खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. लालशाईंनी आधी फळं दिली, मग पेपर उलगडला आणि तुमच्यावर लेख आलाय एवढंच सांगून वाचायला लागले. बाईंनी डोळे मिटले. जुन्या सवयीनं त्यांचं उजवं बोट चादरीवर ओळीमागून ओळ सरकत होतं. ‘‘सतराव्या वर्षी त्या छापखान्यात दाखल झाल्या स्वल्पविराम,’’ असं लालशाईंनी वाचलं आणि बोट थांबलं.

‘‘मागचं परत वाच.’’

त्यांनी परत वाचलं.

‘‘मी एकोणिसाव्या वर्षी लागले,’’ बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. मालकांना धास्ती असायची की अठरा ओलांडलेली मुलगी ठेवली तर ती आज ना उद्या लग्न करून जाणार. म्हणून बाईंनी सतरा सांगितलं होतं. लग्न काही झालं नाही, पण सतरा तसंच राहिलं. पुढे हा पोरगा समोर येऊन बसला, एकदा त्यानं विचारलं, आणि मालकांची खोली एका लाकडी पडद्यापलीकडे, तेव्हा त्यालाही सतराच सांगितलं. नंतर दुरुस्त करायचं राहून गेलं. कागदावर मात्र जन्मसाल सगळीकडे बरोबर होतं.

‘‘सतरा मी फक्त दोघांना सांगितलं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मालक जाऊन तीस वर्षं झाली. मग ह्या पेपरवाल्याला कुणी सांगितलं रे?’’

लालशाईंनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पान, चाळणी, तिची हरकत, हा लेख, आणि रविवारपासून आपण गप्प आहोत हेही. 

‘‘त्या मुलीनं काय विचारलं म्हणालास?’’

‘‘मूळ कुठाय.’’

‘‘हुशार आहे. कुणी शिकवलं तिला?’’

‘‘मी.’’

‘‘आणि तुला?’’

लालशाईंनी बाजूला ठेवलेला पेपर आणखी एकदा दुमडला. बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘‘मग आता मी काही सांगायला हवंय का?’’

‘‘नको,’’ लालशाई म्हणाले. ‘‘पण बाई, पान जाईल. तुमचं नाव कुठेच राहणार नाही.’’

‘‘इतकी वर्षं कुठे होतं?’’ बाई हसल्या. त्यात कडवटपणा औषधालाही नव्हता. ‘‘तू लिहिलंस, मी ऐकलं. ते कोण वगळणार? चल, जाण्याआधी तुझं ते पान वाच. पेपरचं नको, तुझं.’’

त्यांनी फोनवर उघडून चौदा ओळी वाचल्या. बाईंनी शेवटपर्यंत ऐकल्या आणि छान आहे म्हणाल्या, फक्त एकोणीस कर. लालशाईंनी तिथल्या तिथे एकोणीस केलं. दुसऱ्या दिवशी उडणाऱ्या पानात दुरुस्ती करणारा माणूस ज्ञानकोशाच्या इतिहासात तो एकटाच असेल.

घरी येऊन ते लगेच लॅपटॉपसमोर बसले. चर्चेत चार ओळी लिहायच्या होत्या, की हा संदर्भ धरू नका. चार ओळी लिहून झाल्या आणि हात थांबेना. बायकोनं शेजारी चहा ठेवला, पडद्यावर नजर टाकली, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली. ऊन खिडकीतून उतरेपर्यंत त्यांनी लिहिलं, आणि वाचूनही न बघता पाठवलं. एवढ्या वर्षांत असं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

शुक्रवारी निकाल लागला. ‘वगळले. चर्चा नेहमीप्रमाणे जपून ठेवली आहे.’

हे दुसरं वाक्य प्रत्येक निकालाखाली असतंच. पान जातं, पण ते का गेलं याची चर्चा जात नाही. पुढे कुणी तेच पान पुन्हा लिहायला आला तर त्याला बघता यावी, म्हणून ती कायमची राहते. लालशाईंनी स्वतः ते वाक्य शेकडो वेळा चिकटवलं होतं आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला चाळणीनं. तिचा फोन आला तेव्हा आधी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग म्हणाली की काका, तुम्ही गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं. लालशाई म्हणाले, तुला कळलं असतं, उशिरानं का होईना, आणि मग तू माझ्यावर काय विश्वास ठेवला असतास? त्यावर ती म्हणाली की पान गेलं त्याचं तिला वाईट वाटतंच, पण तुम्ही जे लिहिलंत ते आता तिथून कुणालाच काढता येणार नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का?

लालशाईंच्या ते लक्षात आलं नव्हतं. आता आलं. वचन मोडलं होतं, आणि तेही न पुसता येणाऱ्या जागी.

पुढच्या गुरुवारी त्यांनी ती चर्चा कागदावर छापून घेतली आणि बाईंकडे नेली. फळांचा डबा द्यायचा राहिला. खुर्ची ओढून त्यांनी पलंगाच्या अगदी शेजारी घेतली आणि सांगितलं, ‘‘बाई, मी तुमचा शब्द मोडलाय. वाचतो. मग काय बोलायचं ते बोला.’’

बाईंनी डोळे मिटले, बोट चादरीवर ठेवलं. लालशाई वाचू लागले.

‘‘रविवारचा लेख माझ्याच पानावरून उतरवलेला आहे अर्धविराम त्यात माझी चूकही जशीच्या तशी आहे पूर्णविराम. तो पुरावा धरू नये पूर्णविराम. हे मला रविवारीच कळलं होतं स्वल्पविराम तरी मी चार दिवस गप्प बसलो पूर्णविराम. कारण सांगतो पूर्णविराम. परिच्छेद.’’

त्यांनी कागद उजेडाकडे धरला.

‘‘तुम्ही माझ्या नजरेवर विश्वास ठेवता पूर्णविराम. या नजरेचं नाव ज्या वर्षी झालं स्वल्पविराम त्या वर्षी मला दिसत नव्हतं पूर्णविराम. आठ महिने मजकूर बाईंनी वाचला स्वल्पविराम चुका बाईंनी शोधल्या स्वल्पविराम आणि माझं पेन धरून चुकेवर नेलं पूर्णविराम. सही माझी झाली पूर्णविराम. शाबासकी मला मिळाली पूर्णविराम. माझी नोकरी राहिली स्वल्पविराम माझं घर राहिलं स्वल्पविराम माझी मुलगी सुखात जन्मली पूर्णविराम. याला कुठलाही छापील पुरावा नाही स्वल्पविराम म्हणून हे ज्ञानकोशात बसत नाही स्वल्पविराम आणि बसवूही नये पूर्णविराम. नियम बरोबर आहे स्वल्पविराम तो मला त्यांनीच शिकवला पूर्णविराम. मी फक्त इथे सही करून सांगतो की हे झालं आहे स्वल्पविराम ते मी पाहिलेलं आहे स्वल्पविराम आणि मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे पूर्णविराम. पान वगळावं पूर्णविराम.’’

वाचन संपलं. बाईंचं बोट ओळीच्या शेवटी थांबून राहिलं होतं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे चाललं होतं, आणि त्या ते पुसत नव्हत्या. लालशाई कागद धरून बसले, निकालाची वाट बघणाऱ्या कुठल्याही दंतवैद्यासारखे.

‘‘हे तिथे राहणार?’’ बाईंनी विचारलं.

‘‘कायमचं.’’

‘‘एकोणचाळीस वर्षं मला वाटायचं, तू विसरला असशील. बरं झालं विसरलास, असंही वाटायचं. माणसाला ओझं होतं.’’ त्यांनी हात चाचपडत लालशाईंच्या मनगटावर ठेवला. ‘‘तुला सांगते, त्या आठ महिन्यांसारखं काम मी पुढे कधी केलं नाही. त्याआधीही नाही. शोधणारी मी आहे, हे मला तेव्हाच कळलं. आभार काय, मीच मानायचे.’’

लालशाईंनी हातातला कागद सरळ केला. मग सवयीनं विचारलं, ‘‘चूक?’’

‘‘एकही नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मुळाबरहुकूम आहे. पेन आहे का खिशात?’’

खिशात पेन नसेल असा दिवस त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. त्यांनी टोपण काढून लाल पेन बाईंच्या हातात दिलं, कागदाखाली त्यांच्या मांडीवर फळांचा डबा सरकवला. तळाशी लालशाईंनी आधीच ‘तपासले’ असं लिहिलं होतं, आणि पुढे जागा सोडली होती. बाईंचं पेन हवेतच थांबलं, कागद कुठे आहे ते शोधत.

लालशाईंनी त्यांचं बोट धरलं, पेनाचं टोक त्या मोकळ्या जागेवर नेलं आणि हळूच म्हणाले, ‘‘इथे.’’

बाईंनी सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट. शेवटची दोन अक्षरं कागदाबाहेर जाऊन डब्याच्या झाकणावर उमटली, आणि लालशाईंनी ती चूक धरली नाही.